रात्री दोनची हजेरी

रात्री दोनच्या सुमारास नेरूळला माझ्या ताईच्या घरी कुणीतरी हजेरी घेतं. टक् टक् टक्, फरशीवर नखं वाजतात. आधी आजीची खोली, मग ताई-भावोजींची, शेवटी माझ्या भाच्याचा पलंग. तिथे एक भलंमोठं ओलं नाक पांघरुणापाशी येतं, हुंगतं आणि मग पॅसेजमध्ये धप्प आवाज होतो. सगळे जागेवर आहेत. भालू आता झोपायला मोकळा!

भालू हा 42 किलोंचा, काळाभोर, मानेभोवती आयाळ असलेला गद्दी कुत्रा आहे. हिमाचल प्रदेशातले गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन उंच डोंगरांवर जातात. तिथे बिबट्या येतो, अस्वल येतं. त्यांच्यापासून कळप राखायचं काम या कुत्र्यांचं. बिबट्या थेट मानेला धरतो, म्हणून मेंढपाळ त्यांच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालतात. बिबट्याच्या तोंडी मऊ मान नाही, खिळेच लागावेत म्हणून!

आता सांगा, नेरूळच्या चौथ्या मजल्यावर कुठला बिबट्या? मग भालू रात्री उठून काय मोजतो?

आधी कुत्र्यांच्या कामाबद्दल थोडं सांगते. मेंढरांजवळ दोन तऱ्हेचे कुत्रे असतात. एक हाकणारे, दुसरे राखणारे. हाकणारा कुत्रा डोकं खाली घालतो, नजर रोखतो, दबकत पुढे सरकतो आणि मग धावतो. ही खरी शिकारीची सुरुवात आहे, अगदी लांडग्यासारखी. फक्त शेवटचा चावा तेवढा गाळलेला. राखणाऱ्यात ही पाठलागाची ओढच फार मंद असते. म्हणून तो मेंढरांत बसला तरी मेंढरं बिचकत नाहीत. पहाटे भालूला खाडीकडे फिरायला नेतात, तेव्हा पुढ्यातून मांजर पळालं तरी तो ढिम्म! डोक्यावरून फ्लेमिंगोंचा गुलाबी थवा गेला तरी मान वर करत नाही. पण भाचा मागे रेंगाळला, की हा रस्त्यातच फतकल मारून बसतो. तो येईपर्यंत हलत नाही.

पण ही राखण त्याला शिकवली कुणी? मला याचं सगळ्यात सुंदर उत्तर डार्विनच्या प्रवासवर्णनात मिळालं. हो, उत्क्रांतीवाला चार्ल्स डार्विन! 1833 साली तो दक्षिण अमेरिकेत, आजच्या उरुग्वे देशात हिंडत होता. तिथे त्याला मेंढ्यांचे मोठमोठे कळप दिसले. बरोबर माणूस नाही, नुसते एकदोन कुत्रे. त्याने चौकशी केली. कळलं ते असं, की पिल्लू अगदी लहान असतानाच आईपासून वेगळं करतात. दिवसातून तीनचार वेळा त्याला मेंढीचं दूध पाजतात. मेंढवाड्यातच त्याला लोकरीचं अंथरूण करून देतात. दुसऱ्या कुत्र्यांशी खेळूच देत नाहीत. मोठं झाल्यावर त्याला कळप सोडवत नाही.

आणि पुढची गंमत ऐका. हा कुत्रा रोज मांसाचा तुकडा घ्यायला घराकडे येई. घरचे कुत्रे त्याच्यावर धावून जात आणि हा शेपूट घालून पळत सुटे. पण कळपाजवळ पोचला रे पोचला, की गर्रकन वळून असा भुंके, की घरचे कुत्रेच माघारी पळत! कुत्रा तोच. मागे मेंढ्या उभ्या राहिल्या, एवढाच फरक.

आज शास्त्रज्ञ सांगतात, की पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत 'आपलं कोण' हे मनात पक्कं करत असतं. त्या दिवसांत ज्यांच्या वासात, ज्यांच्या उबेत ते वाढतं, ते त्याचे. भालू ताईकडे आला तेव्हा दोन महिन्यांचा होता आणि भाचा पहिलीत. दोघं एकाच चटईवर झोपायचे. कळलं ना, भालूची मेंढरं कोण ते?

एक गोष्ट मात्र ताई प्रत्येकाला बजावून सांगते, आणि मलाही ती पटते : डोंगरातलं पिल्लू कितीही गोड दिसलं तरी समुद्रकाठी आणू नका. इथली हवा त्याला फार जड जाते. का, ते पाहायला लुडोचे आठ फासे घ्या. एका फाशाला सहा बाजू, सगळ्या हवेत उघड्या. आठ सुट्या फाशांच्या मिळून 48. आता आठही जोडून एक मोठा ठोकळा करा आणि बाहेरच्या बाजू मोजा. फक्त 24! ऐवज तेवढाच, पण हवेला लागणारं अंग निम्मं. मोठ्या कुत्र्याचं असंच होतं. वजनाच्या मानाने कातडी कमी, म्हणून आतली उष्णता बाहेर जायला वाट कमी. शिवाय वर लोकरीचा दुहेरी कोट.

आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो. ओल्या जिभेवरून, नाकातून, तोंडातून पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. धापा मिनिटाला तीनशेच्या आसपास! एवढी मेहनत केल्यावर उलट जास्तच गरम व्हायला हवं ना? नाही होत. झोपाळ्याला त्याच्या लयीत बोटभर धक्का दिला तरी तो झुलत राहतो. कुत्र्याच्या छातीलाही तशी एक स्वतःची लय असते आणि तो त्याच लयीत धापा टाकतो. त्यामुळे दमणूक फार कमी.

पण जूनमध्ये तुमचे शाळेचे मोजे वाळतात का? हवाच पाण्याने गच्च भरलेली असते, तिथे मोज्यांतलं पाणी जाणार कुठे! भालूच्या जिभेचीही तीच अडचण. म्हणून मे-जूनमध्ये त्याचं फिरणं पहाटे पाचला, नाहीतर रात्री उशिरा. बाकी दिवसभर पंख्याखालची गार फरशी.

गेल्या जानेवारीत आम्ही त्याला गाडीत घालून पनवेलच्या पुढे, पेणच्या बाजूला गेलो होतो. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, हे तुम्हाला माहीत असेल. भात कापलेल्या शेतात ते मेंढरं बसवतात. शेताला लेंडीखत मिळतं, मेंढरांना चारा. तसाच एक कळप दिसला. घोडी, कोकरं, कोंबड्या आणि मातकट रंगाचा एक शिडशिडीत कुत्रा.

"आबा, याला राखण कशी शिकवलीत?" भाच्याने कळपाबरोबरच्या धनगराला विचारलं.

"शिकवायचं काय त्यात? डोळं उघडल्यापास्नं कोकरांतच हाय त्यो."

तेवढ्यात भालू गाडीतून उतरला. मला वाटलं, शेकडो वर्षं याच्या वाडवडिलांनी मेंढ्याच राखल्या, आता हा धावत त्यांच्याकडे जाणार! तो गेलाच नाही. मेंढरांकडे त्याने एकदा परक्यासारखं पाहिलं आणि माझ्या भाच्याच्या पुढ्यात आडवा उभा राहिला. पलीकडे तो शिडशिडीत कुत्रा कोकरांच्या पुढ्यात तसाच आडवा झाला. मधे एक कोरडा बांध. दोघं एकमेकांवर भुंकत राहिले, पण आपापली मेंढरं सोडून कुणी बांध ओलांडला नाही.