रस्त्याखालचा थर्माकोल

महाराष्ट्रात थर्माकोल म्हटलं की गणपतीचं मखर आठवतं. २०१८ मध्ये राज्य सरकारने सजावटीच्या आणि ताट-वाट्यांच्या थर्माकोलवर बंदी घातली. ते योग्यच झालं. हा पदार्थ कुजत नाही. पण त्याचं खरं कर्तृत्व मखरात नव्हतंच.

थर्माकोल बनतो पॉलिस्टायरीन या प्लास्टिकच्या बारीक मण्यांपासून. या मण्यांत पेंटेन हे चटकन उडून जाणारं रसायन मुरवलेलं असतं. वाफ लागली की मणी लाह्यांसारखे फुलतात आणि साच्यात एकमेकांना चिकटतात. तयार ठोकळ्यात सुमारे ९८ टक्के हवाच! ती कोंडलेली असल्याने उष्णता सहज आरपार जात नाही. म्हणून मासळीच्या पेट्या आणि लशींची खोकी त्याचीच.

सर्वांत थक्क करणारा उपयोग मात्र नॉर्वेतला. ऑस्लोजवळ फ्लोम इथे दलदलीवरचा, पुलाला जोडणारा रस्ता सतत खचत होता. जितका भराव घालावा तितकं वजन वाढे आणि रस्ता आणखी खाली जाई. १९७२ मध्ये अभियंत्यांनी भरावाचा वरचा भाग काढून तिथे थर्माकोलचे ठोकळे रचले. मातीचा घनमीटर दीड-दोन टनांचा, याचा साधारण वीस किलोंचा. खचणं जवळजवळ थांबलं.

पेट्रोलने थर्माकोल विरघळतो, म्हणून अशा रस्त्यांत ठोकळ्यांवर सहसा काँक्रीटचा थर देतात.