भांडाराचा फळा आणि तुलाधाराची तागडी

दीपावली हा दिव्यांचा उत्सव खरा; परंतु त्या दिव्यात तेल पडण्यापूर्वी ते कोणीतरी मोजून दिलेले असते. देवापुढे ठेवावयाचा लाडू, अभ्यंगाचे उटणे, ओवाळणीच्या तबकातील साखर, या सर्वांचा उगम शोधू गेलो तर आपण देवघरातून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून कोठीत आणि कोठीतून किराणा मालाच्या दुकानात जाऊन पोहोचतो. सणाचे पावित्र्य जितके मंत्रात, तितकेच मापातही असते, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. म्हणून या दीपोत्सवाच्या निमित्ताने आम्ही वाचकांस एका साध्या वस्तूपाशी नेऊ इच्छितो. ती वस्तू म्हणजे सहकारी ग्राहक भांडाराच्या दाराशी टांगलेला काळा फळा.

आमच्या या कृष्णाकाठच्या क्षेत्री देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर असे एक भांडार आहे. दर गुरुवारी सायंकाळी तेथील सेवक ओल्या फडक्याने फळा पुसतो आणि डाव्या अंगास त्या आठवड्याचे खास भाव लिहितो. आश्विन वद्य पक्ष लागला की रवा, मैदा, चणाडाळ, भाजके पोहे, डाळे, सुके खोबरे, साखर, शेंगतेल आणि वेलदोडे ही नावे यादीत वर सरकतात. उजव्या अंगास वार्ता असतात. रक्तदान शिबिर कधी, सभासदांच्या गुणवंत मुलांचा सत्कार कधी, चकलीच्या भाजणीचे प्रात्यक्षिक कोणत्या दिवशी, हे सर्व तेथे कळते. कोजागरीस त्याच पटांगणात आमचे कीर्तनही होते आणि आटीव दुधाचा प्रसाद भांडाराकडून असतो.

कोणी आम्हांस विचारतात, "बुवा, जेथे डाळ-तांदूळ तोलावयाचे, तेथे हरिकीर्तन कशाला?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही देण्याची गरजच नाही. ते भीष्माचार्यांनी शरपंजरी पडल्या पडल्या देऊन ठेवले आहे.

महाभारताच्या शांतिपर्वात, मोक्षधर्मात, जाजली नामक तपस्व्याची कथा आहे. जाजलीने असे तप केले की तो खांबासारखा निश्चल उभा राहिला. पक्ष्यांच्या एका जोडप्याने त्याच्या जटांत घरटे बांधले, अंडी घातली, पिले वाढली, उडून गेली. पण हा हलला नाही. मग मात्र त्याच्या मनात अहंकार शिरला. "मी धर्म साधला," असे तो उद्गारला. तोच आकाशवाणी झाली की, वाराणसीतील तुलाधाराची बरोबरी तुला आलेली नाही. हा तुलाधार कोण? कोणी ऋषी नव्हे, राजा नव्हे. बाजारात बसून रस, गंध, मुळे विकणारा एक वाणी! जाजली त्याच्या दुकानी गेला. तुलाधाराने त्यास जे सांगितले त्याचे सार एवढेच की, माझी तागडी सर्व भूतांस समान आहे. आपला आला म्हणून ती झुकत नाही आणि परका आला म्हणून उचलत नाही.

वाचकहो, या कथेतील मर्म पाहा. तुलाधार कोणाला झुकते माप देतो असे व्यासांनी म्हटलेले नाही. तो सम माप देतो. स्वस्त देणे ही मेहेरबानी असू शकते. सम देणे हा धर्म आहे. सहकारी भांडाराचे सारे तत्त्वज्ञान या एका भेदात आहे.

तागडीची ही चिंता आपल्या शास्त्रकारांनी फार बारकाईने वाहिली आहे. वजने-मापे दर सहा महिन्यांनी राजाने तपासावीत असे मनुस्मृतीत सांगितले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर याच कामासाठी पौतवाध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी असून दर चार महिन्यांनी मापांवर मुद्रा उमटविण्याचा नियम आहे. धान्य, तेल, तूप, मीठ, गंध, औषधे यांत तशाच रंगरूपाचा हलका पदार्थ मिसळणाऱ्यास बारा पण दंड त्याने ठरविला. भेसळ हा आजचा रोग नव्हे आणि तिच्यावरील पहाराही आजचा नव्हे.

परंतु राजाचा अधिकारी सर्व दुकानांत सर्वकाळ उभा राहू शकत नाही. मग पहारा कोणी करावा? या प्रश्नाचे एक उत्तर सातासमुद्रापलीकडे, इंग्लंडातील रॉचडेल नावाच्या गिरणगावात सापडले. तेथील विणकर व कारागीर दैन्याने गांजलेले होते. पिठात खडू, चहात वाळकी पाने, मापात खोट आणि वहीवर कायमची उधारी, असा तो काळ. त्यांतील २८ जणांनी पै-पै साठवून २८ पौंडांचे भांडवल उभे केले आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी, वर्षातील सर्वांत मोठ्या रात्री, टोड लेन या गल्लीत दुकान उघडले. विक्रीस होते लोणी, साखर, गव्हाचे पीठ, ओटाचे पीठ आणि मेणबत्त्या. बस्स, एवढेच. काळोख्या रात्री मेणबत्त्या विकावयास बसलेल्या त्या मंडळींची ती एक दीपावलीच म्हणावयाची!

त्यांचे नियम मननीय आहेत. माल निर्भेळ, वजन पुरे, व्यवहार रोखीचा. भाग कितीही असोत, सभासदास मत एकच. आणि स्त्रियांसही सभासदत्व खुले. पण सर्वांत मार्मिक नियम निराळाच. त्यांनी बाजारापेक्षा भाव पाडला नाही. चालू भावानेच माल विकला आणि हिशेबाअंती जे उरले ते ज्याने जितकी खरेदी केली तितक्या प्रमाणात ज्याचे त्यास परत दिले. पुढे दुकानाच्या माडीवर वाचनालयही थाटले. धान्याबरोबर ज्ञानही मोजून द्यावे, ही दृष्टी तेव्हापासूनची आहे. आमच्या फळ्याचे उजवे अंग त्याच वंशातले.

ही ज्योत भारतात आली ती १९०४ साली, आणि तीही एका देवळाच्या परिसरात. चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागात, जेथे पार्थसारथी स्वामींचे प्राचीन मंदिर आहे, तेथे काही सुशिक्षित गृहस्थांनी ग्राहकांची सहकारी संस्था काढली. आपल्याकडे १९४८ साली मुंबईच्या नायगावात गिरणी कामगारांतून जी संस्था उगवली, तीच पुढे अपना बाजार म्हणून घरोघर ठाऊक झाली. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर महागाईला बांध घालण्यासाठी केंद्र सरकारने ग्राहक भांडारांची योजना देशभर हाती घेतली. पुढे वारणाकाठी वारणा बाजार उभा राहिला. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानावाचूनच वितरण चालविले. शेजारची कुटुंबे संघ करून आगाऊ मागणी नोंदवितात आणि एका घरी आलेला माल आपसांत वाटून घेतात.

अशा संस्थांची गरज टंचाईत कळते. १९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळकरी पोर होतो. मिलो नावाची ती तांबडी, परदेशी ज्वारी घेण्यासाठी पिशवी काखेत धरून रांगेत उभे राहिल्याचे आम्हांस पक्के स्मरते. त्या भाकरीला चव नव्हती. पण ज्या दुकानात माप चोख होते, तेथून परतताना आमच्या मातोश्रींच्या मुखावर जे समाधान असे, ते पुढे पक्वान्नांच्या पंक्तीतही आम्ही क्वचितच पाहिले.

आता टंचाई सरली, दुकाने उदंड झाली. दूरध्वनीवर बोट फिरविताच माल दाराशी येऊन पडतो. मग भांडाराचे प्रयोजन उरले काय? आमचे उत्तर असे की, भेसळीची धास्ती सरलेली नाही. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचे तेल मिसळल्याने अंगावर सूज येण्याची साथ पसरली आणि ६० हून अधिक जीव गेले. आमच्या भांडारात दिवाळीपूर्वी जे व्याख्यान होते त्यात गृहिणींना सोप्या परीक्षा शिकवितात. रव्यातून लोहचुंबक फिरवावा. लोखंडाचा कीस असेल तर तो चिकटतो. खवा पाण्यात उकळून, थंड झाल्यावर त्यात आयोडिनचा थेंब टाकावा; निळा रंग आला तर पिष्ट मिसळले आहे असे समजावे. तिखट पेलाभर पाण्यावर टाकावे. विटेचा चुरा असल्यास तळाशी बसतो. विकणाराच ग्राहकास अशी परीक्षा शिकवितो, असे दुकान विरळा. भांडारास ते परवडते, कारण तेथे विकणारा आणि घेणारा हे दोघे निराळे नाहीत.

मात्र येथेच आम्हांस दोन कठोर शब्द बोलणे प्राप्त आहे. तागडीस पारडी दोन असतात. एका पारड्यात भांडाराचा प्रामाणिकपणा असेल, तर दुसऱ्यात सभासदाची निष्ठा हवी. ते पारडे आज वर उचलले गेले आहे. साखरेचा खास भाव फळ्यावर लागला की रांग पार देवळाच्या कमानीपर्यंत जाते. आणि वार्षिक साधारण सभेस गणसंख्या भरत नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब करून पुन्हा भरवावी लागते. साखर येथून न्यावयाची आणि उरलेली सारी यादी दुसरीकडे द्यावयाची, ही रीत झाली आहे. वाचकहो, आठवड्याच्या खास भावात भांडारास फारसे काही सुटत नाही. डाळ, तेल, साबण, मसाला यांच्या नित्य खरेदीतून जे चार पैसे उरतात त्यावर सेवकांचे वेतन, दिवाबत्ती आणि पुढील मालाची रक्कम चालते. केवळ खास भावाची साखर नेणारा सभासद तुळशीला पाणी न घालता नुसती पाने खुडून नेणाऱ्यासारखा आहे.

दुसरा शब्द उधारीचा. तुकोबारायांनी घराण्यातील कर्जखतांचा आपला वाटा इंद्रायणीत बुडविला, असे परंपरा सांगते. ते त्यांचे स्वतःचे होते आणि तो त्यांचा त्याग होता. बंधूंचा वाटा त्यांनी बंधूंस दिला, हे आपण विसरतो. भांडाराचे पैसे सर्वांचे. तेथील उधारी कोणा एकास सोडून देता येत नाही. रॉचडेलच्या विणकरांनी रोखीचा नियम केला तो निष्ठुरपणाने नव्हे, तर एकाची उधारी दुसऱ्याच्या भाकरीतून फिटते हे जाणून.

आणि परतावा? समजा, एखाद्या कुटुंबाने वर्षाकाठी २४,००० रुपयांची खरेदी केली आणि सभेने शेकडा दोन परतावा ठरविला, तर हाती ४८० रुपये येतील. कोणी म्हणेल, एवढ्याने काय होते? एवढ्याने एक गोष्ट होते. तो नफा कोणा परक्याचा नव्हता, आपलाच होता, आणि तो मोजून परत आला, हे कळते. तुलाधाराची तागडी ती हीच.

भांडारे मोडतात ती बहुधा लुटारूंमुळे नव्हे, उदासीनतेमुळे. राजधानीत १९६६ साली थाटात उघडलेला सहकारी सुपर बाजारही २००२ साली बंद पडला. मग लहान क्षेत्रातील लहान भांडाराची कथा काय? संयुक्त राष्ट्रसंघाने २०१२ नंतर पुन्हा २०२५ हे आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून पाळले. परंतु संस्था जगतात त्या वर्षे पाळल्याने नव्हे, दर आठवड्याच्या यादीने.

आश्विन अमावास्येस सायंकाळी आपण लक्ष्मीपूजन करू. व्यापारी आपल्या चोपड्यांस हळदकुंकू वाहतील. ज्यांच्या गावी सहकारी भांडार आहे, त्या सभासदांनी भांडाराचा वार्षिक अहवालही पाटावर ठेवावा, अशी आमची सूचना आहे. कारण ती आपलीच चोपडी आहे. मात्र नुसती फुले वाहून थांबू नये. पूजेनंतर ती उघडून जमा-खर्च वाचावा, थकबाकीचा आकडा पाहावा, न समजले तर पाडव्याच्या शुभेच्छा द्यावयास जाल तेव्हा व्यवस्थापकांस विचारावे. विचारणारा सभासद हाच आजचा पौतवाध्यक्ष होय. घरातील एखाद्या मुलास सोबत न्यावे आणि फळा दोन्ही अंगांनी वाचावयास सांगावे.

लक्ष्मी चंचल आहे, असे म्हणतात. आमचा अनुभव असा की, जेथे माप सम असते आणि मोजणाऱ्याकडे दहा डोळे आपुलकीने पाहत असतात, तेथे ती जरा अधिक काळ टिकते. या दीपावलीत प्रत्येक घरच्या पणतीत निर्भेळ तेल आणि प्रत्येक तागडीत सम माप पडो, हीच श्रीचरणी प्रार्थना. इति शुभम्.