शेततळ्याकाठची वीण

नांदेड व लातूर जिल्ह्यांत पावसाच्या पहिल्या जोरदार सरी कोसळल्या की जमिनीत दडून उन्हाळा काढलेले बैलबेडूक उथळ डबक्यांत विणीसाठी जमतात, आणि एरवी हिरवट-तपकिरी दिसणारे नर पिवळेधमक होऊन निळ्या स्वरपिशव्या, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या गळ्याजवळच्या पिशव्या, फुगवतात. खरखरीत कातडीच्या भेकाची मादी मात्र जेलीसारख्या लांब दोऱ्यांत अंडी घालते. डबके आटण्याआधी बेडूकमाशांना, अर्थात कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या शेपटीवाल्या पिल्लांना, पाय फुटावे लागतात. प्लास्टिक अस्तराची शेततळी पाणी टिकवतात खरी, परंतु गुळगुळीत उभ्या काठावरून बाहेर पडणे बेडकांना कठीण जाते. मोठेपणीही शेपूट राखणारा न्यूट मराठवाड्यात नाहीच. भारतात तो पूर्व हिमालय व ईशान्येकडे आढळतो.