युगानुरूप वैद्यक : पालीच्या दवाखान्यातून काही विचार

बल्लाळेश्वराचे दर्शन आटोपून परतणारे यात्रेकरू पाली येथील आमच्या दवाखान्याची पायरी अधूनमधून चढतात. काही वर्षांपूर्वी अशाच एक मुंबईच्या बाई सांधेदुखीची तक्रार घेऊन आल्या. आम्ही नाडी पाहिली, चार प्रश्न विचारले आणि नेहमीप्रमाणे वर्तमानपत्राच्या कागदात चूर्णाच्या पुड्या बांधून दिल्या. बाईंनी नम्रपणे विचारले, "वैद्यराज, यात काय काय आहे ते लिहून द्याल का? मला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत." आम्हांस तो अपमान वाटला. "औषध श्रद्धेने घ्यावयाचे असते," असे आम्ही काहीशा ताठ्यानेच सुनावले. पुड्या टेबलावर तशाच ठेवून बाई निघून गेल्या.

त्यांचा प्रश्न पूर्णपणे रास्त होता, हे उमगावयास आम्हांस बरेच दिवस लागले.

आपण परंपरेचे नाव घेऊन जे जे करतो, ते सर्व पुरातन असतेच असे नाही. आम्ही त्या दिवशी ज्या नाडीच्या जोरावर बोललो, ती नाडीपरीक्षा बृहत्त्रयीत नाही. ती शार्ङ्गधरसंहितेत प्रथम स्पष्टपणे येते. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी फिरंग्यांबरोबर आलेला फिरंगरोग आपल्या ग्रंथात वर्णिला आणि त्यावर परदेशातून येणारी चोपचिनी निःसंकोचपणे सांगितली. वाग्भटांनी तर अष्टांगसंग्रहाची रचना युगाला अनुरूप असल्याचे स्वतःच नमूद केले आहे. आमच्यासारख्या पुडीवाल्यांपेक्षा ही मंडळी पुष्कळच आधुनिक होती, असे म्हणावे लागते!

आपल्या जिल्ह्यातीलच उदाहरण घ्यावे. वैद्य आपल्या रुग्णांपुरती औषधे घरच्या खलात सिद्ध करीत, त्या काळी, १८७२ साली, वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी पनवेल येथे श्री धूतपापेश्वर कारखान्याचा पाया घातला. पनवेल हे मुंबई-पुणे रस्त्यावरचे, खाडीकाठचे व्यापारी गाव. तेथे औषध बाटलीत भरून, नाव लावून, अनोळखी वैद्याच्या व रुग्णाच्या हाती देण्याची कल्पना रुजली. औषध करणारा समोर नसतो, तेव्हा त्याच्या वतीने बाटलीवरच्या लेबलास बोलावे लागते. दीडशे वर्षे उलटूनही तो कारखाना चालू आहे.

आपण मात्र लेबलाची निकड बाहेरून धक्के बसल्यावर ओळखली. जून २००० मध्ये 'शेड्यूल टी' आले. स्वच्छ जागा, कच्च्या मालाची तपासणी, प्रत्येक घाण्याची नोंद यांची सक्ती झाली. अनेक लहान रसशाळांना तो खर्च जड गेला, ही तक्रार खोटी नव्हे. पुढे डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेतील 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकाने बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध केले. आपल्यापैकी पुष्कळांनी त्यात कटच पाहिला. शास्त्रोक्त रसौषधी आणि अशुद्ध द्रव्य यांत भेद करावयास हवा, हे खरेच; पण तो भेद दाखविणारा कागद आपल्यापैकी कितीजणांकडे होता? १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींना जड धातूंची चाचणी अनिवार्य झाली.

स्वतःच्या रुग्णांपुरते औषध करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यास 'शेड्यूल टी'तून सूट आहे. आम्ही या सुटीच्या आड बरीच वर्षे निर्धास्त बसलो होतो. आता प्रत्येक रुग्णास द्रव्यांची नावे, मात्रा व अनुपान लिहून देतो. त्याची चालू असलेली इतर औषधे आधी विचारून घेतो. पहाटेच्या लोकलने कामावर जाणाऱ्यास काढा उकळणे जमत नाही, म्हणून त्यास घनवटी देतो. काढ्याचा गुण घनवटीत तंतोतंत उतरतो काय, याविषयी आमचे मन अद्याप साशंक आहे. परंतु न घेतलेल्या काढ्यापेक्षा घेतलेली गोळी बरी.

मध्यंतरी एक विक्रेता बिनलेबलाची भुकटी घेऊन आला. कोणतीही सांधेदुखी एका दिवसात थांबेल, असे त्याचे म्हणणे. "वैद्यबुवा, काळाप्रमाणे चला," असा वर उपदेशही त्याने केला. आम्ही त्यास त्या बाईंचाच प्रश्न विचारला : यात काय काय आहे, ते लिहून द्याल का? त्याने पिशवी उचलली.

खल आजही तोच आहे. त्याच्या शेजारी आता एक नोंदवही असते, आणि कातकरी बांधवांनी आणलेला हिरडा कोणत्या रानातला, कोणत्या दिवशी वेचलेला, हे तीत आधी लिहिल्याखेरीज तो कुटला जात नाही.