काचेखालचा वाफसा

इंग्लंडातल्या डर्बीशायरमध्ये, चॅट्सवर्थच्या काचघरात, नोव्हेंबर १८३५मध्ये एक केळ निसवली. बागेचा प्रमुख होता जोसेफ पॅक्स्टन आणि मालक डेव्हनशायरचे सहावे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश. त्यांच्या घराण्याचं नाव त्या बुटक्या केळीला मिळालं. जळगावच्या शेतकऱ्याची बसराई आणि ग्रँड नैन याच कॅव्हेंडिश गटातल्या. पॅक्स्टनने त्या झाडाला सकस पोयटा, चांगलं कुजलेलं शेणखत, भरपूर पाणी आणि साधारण १८ ते २९ अंश सेल्सिअसची ऊब दिली होती. या कृतीतलं ‘भरपूर पाणी’ सगळ्यांच्या लक्षात राहतं, पोयटा मात्र निसटतो. उष्ण प्रदेशातली फळझाडं हरितगृहात दगावतात ती बहुतेकदा तहानेने नाही, तर मुळांशी हवा न उरल्याने. म्हणून माती पाहिल्याशिवाय पाणी किती द्यायचं हे ठरवताच येत नाही.

आपल्या शेतकऱ्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: वाफसा. पाऊस किंवा पाणी पडून गेल्यावर मातीच्या मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली उतरतं, तिथे हवा शिरते आणि बारीक पोकळ्यांत ओल टिकून राहते, ती ही अवस्था. मूठभर माती दाबली तर तिचा गोळा होतो आणि अंगठ्याने हलकेच दाबल्यावर तो फुटतो. मुळं श्वास घेतात, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. माती उबदार असेल तर मुळांची ऑक्सिजनची गरज आणखी वाढते, म्हणजे गरम आणि तुडुंब ओल्या मातीत ती लवकर गुदमरतात. कुंडीत हे संकट दुप्पट होतं. शेतात वरचं पाणी खालच्या मातीकडे ओढलं जातं; कुंडीला खालची माती नसते, त्यामुळे तळाशी एक थर कायम चिंब राहतो. त्याची उंची कुंडीच्या उंचीवर नाही, मातीच्या बारीकपणावर ठरते. तळाशी खडे घातले की निचरा सुधारतो, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. खडे तो चिंब थर फक्त वर सरकवतात. शेतातली काळी माती कुंडीत भरणं तर सर्वांत वाईट. त्यापेक्षा थोडा पोयटा, त्यात भरड वाळू किंवा परलाइट, नारळाचा काथ्या आणि पूर्ण कुजलेलं खत घेऊन सगळीकडेच भरड मिश्रण करावं.

यावर कोणी म्हणेल, कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी आंबा तिथे सुखाने नांदतो. नांदतो, कारण जांभ्याच्या उतारावर पाणी थांबत नाही. ते मुळांवरून वाहून जातं आणि मागे ताजी हवा येते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मातीशिवाय, नुसत्या पाण्यातही रोपं वाढवतात, मग पाण्याने मूळ कुजतं कसं? पण त्या पद्धतीत पाण्यात हवा सोडत राहावी लागते किंवा पाणी खेळतं ठेवावं लागतं. पंप बंद पडला की तीच मुळं तपकिरी पडून सडू लागतात. त्रास पाण्याचा नाही, साचण्याचा आहे.

सर्वांत फसवं लक्षण म्हणजे मान टाकलेलं पान. गुदमरलेलं मूळ पाणी शोषू शकत नाही, त्यामुळे चिखलात उभं असलेलं झाडही तहानलेल्यासारखं कोमेजतं. माणूस पुन्हा पाणी घालतो आणि पपई दोन-चार दिवसांत हातची जाते. थंडीत, दिवस लहान आणि माती गार असताना हे जास्त घडतं, कारण तेव्हा झाडाचं पाणी पिणं उन्हाबरोबर घटलेलं असतं. केळीची रुंद पानं भर उन्हात पाणी खेचतात हे खरंच, पण म्हणूनच तिचा हिशेब वाराने नाही, उजेडाने करायला हवा. मोठी कुंडी जराशी कलती करून वजन अजमावणं किंवा बांबूची काडी तळापर्यंत खोचून पाहणं, हे ठरावीक वेळापत्रकापेक्षा कितीतरी विश्वासाचं. हवेतला दमटपणा हवा असेल तर जमिनीवर पाणी शिंपडावं, कुंडीत ओतू नये.

मग थोडं-थोडं पाणी द्यावं का? तेही नको. हरितगृहावर पाऊस पडत नाही, त्यामुळे पाण्यातले आणि खतातले क्षार धुऊन निघत नाहीत. घोटभर पाण्याने ते मातीतच साठतात आणि आंब्याच्या पानांची टोकं करपतात. पाणी द्यायचं तर तळातून थोडं वाहून जाईपर्यंत, आणि मग वाफसा येईपर्यंत थांबायचं. अननस याहून निराळा: त्याला आम्लधर्मी, भरड माती लागते, त्याची पानं रात्री श्वासरंध्रं उघडतात, त्यामुळे तो कमी पाण्यावर भागवतो. आंब्याला तर मोहोरापूर्वी ताणच लागतो. जपानमधल्या मियाझाकीत प्लॅस्टिकखाली पिकवलेल्या आर्विन आंब्यालाही तो दिला जातो. मोहोर येऊन फळ धरलं की मग पाणी हळूहळू वाढवतात.