काटा लाल रेषेवर, हीटरमधून मात्र गार हवा: जुन्या गाडीचं इंजिन नेमकं काय सांगतंय?

खंबाटकी किंवा कसारा घाटात कडेला बोनेट उघडून उभी असलेली जुनी गाडी दिसली नाही, असा उन्हाळा जात नाही. गाडी तापली की बहुतेक जण रेडिएटरमध्ये पाणी ओततात आणि पुढे निघतात. पण पाणी कमी का झालं, हे शोधलं नाही तर पुढच्या वेळी खर्च हजारोंच्या घरात जाऊ शकतो. कारण जास्त तापलेल्या इंजिनचं हेड वाकतं, हेड गॅस्केट जातं आणि इंजिन उघडावं लागतं.

बिघाड ओळखायला एक सोपं साधन गाडीतच असतं, ते म्हणजे हीटर.

हीटर आणि इंजिनचा संबंध काय?

पेट्रोल-डिझेल गाडीचा हीटर सहसा वेगळी वीज वापरून हवा गरम करत नाही. इंजिनमधून तापून आलेलं कूलंट डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं. त्याला हीटर कोअर म्हणतात. ब्लोअरची हवा त्यावरून जाते आणि गरम होऊन आत येते. म्हणजे कूलंट नीट फिरत नसेल, तर हीटर ते लगेच सांगतो.

इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो आणि कूलंट इंजिनमध्येच फिरतं. साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला थर्मोस्टॅट उघडू लागतो आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. हे सगळं फिरवण्याचं काम वॉटर पंप करतो.

लक्षणं कशी वाचायची?

काटा वर, हीटर गार: ही सर्वांत गंभीर जोडी. कूलंट खूप कमी झालंय, आत हवा अडकली आहे किंवा वॉटर पंप काम करत नाही. गाडी लगेच थांबवावी. कूलंट फारच कमी झालं, तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खालीही दिसू शकतो. त्यामुळे फक्त काट्यावर भरवसा नको.

काटा खाली, हीटर कोमट: थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, किंवा कुणीतरी तो काढूनच टाकलाय. ‘आपल्याकडे गरमीच असते, थर्मोस्टॅट कशाला हवा?’ असा सल्ला अनेक गॅरेजमध्ये मिळतो. पण सतत थंड चालणारं इंजिन जास्त इंधन पितं आणि लवकर झिजतं.

काटा मध्यावर, हीटर गार: इंजिन ठीक असण्याची शक्यता जास्त. इंजिन गरम करून बंद करावं आणि हीटर कोअरकडे जाणारे दोन्ही पाईप जपून चाचपावेत. एक गरम, एक गार असेल तर कोअर चोंदलाय किंवा हीटरचा व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही गरम असतील तर आतली झडप किंवा तिची केबल अडकली असावी.

ट्रॅफिकमध्ये तापते, हायवेवर नाही: संशय पंख्यावर. फ्यूज, रिले, पंख्याचा स्विच आणि मोटर तपासून घ्यावी. अँबेसिडर, पद्मिनीसारख्या गाड्यांत पंखा पट्ट्यावर फिरतो, तिथे पट्टा सैल आहे का ते बघावं.

हायवेवर किंवा घाटात तापते, शहरात नाही: रेडिएटर आतून गंजाने किंवा क्षाराने चोंदलेला, बाहेरून जाळी चिखल-किड्यांनी भरलेली, किंवा थर्मोस्टॅट पुरेसा न उघडणारा.

आत गोडसर वास, काचेवर तेलकट धुकं, पुढचं कार्पेट ओलं: हीटर कोअर गळतोय.

झाकणाचं महत्त्व

रेडिएटरच्या झाकणावर बरेचदा ०.९ असा आकडा असतो. म्हणजे ते झाकण बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ०.९ बार जास्त दाब धरून ठेवतं. या दाबाखाली साधं पाणीही जवळपास ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. उलट महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि कूलंट उकळून बाहेर पडतं. त्यामुळे मोठ्या दुरुस्तीआधी झाकण तपासणं शहाणपणाचं.

हाच दाब धोकादायकही आहे. गरम इंजिनचं झाकण उघडलं की उकळतं कूलंट तोंडावर, हातावर उडतं. फडकं धरून उघडणंही सुरक्षित नाही.

रस्त्यात गाडी तापली तर?

- एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात ठेवा. आत उकडेल, पण इंजिनची थोडी उष्णता बाहेर निघेल.
- सुरक्षित जागा मिळताच थांबा. काटा लालमध्ये असेल किंवा वाफ येत असेल तर इंजिन लगेच बंद करा.
- किमान अर्धा तास थांबा. वरचा पाईप हाताला गार आणि मऊ लागेपर्यंत झाकणाला हात लावू नका.
- मग हळूहळू कूलंट भरा. ते नसेल तर पाणी चालेल. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास हेड किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

गाडी पुढे चालवू नये असं कधी?

इंजिन ऑइल दुधाळ चहासारखं दिसत असेल, गरम इंजिनच्या सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नसेल किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. अशा वेळी टोइंगचा खर्च इंजिनच्या कामापेक्षा स्वस्त पडतो.

रोजची काळजी

बोअरचं पाणी टाळावं. त्यातल्या क्षारांचा थर आत बसतो. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून वापरावं. ते गंजही रोखतं. मात्र बहुतेक कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड असतं. सांडलेलं लगेच धुवावं, डबा मुलं आणि कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवावा.

आणि महिन्यातून एकदा, सकाळी गार इंजिनवर कूलंटची पातळी बघावी. पातळी पुन्हा पुन्हा खाली जात असेल, तर कुठेतरी गळती नक्की आहे. घाट चढण्याआधी ती शोधलेली बरी.