काळी माती आणि घराची भिंत

घराच्या भिंतीस तडा गेला म्हणजे दोष बहुधा गवंड्यास, विटेस किंवा चुन्यास दिला जातो. तडा बुजवून वर गिलावा केला जातो, रंगही दिला जातो. आणि पुढल्या वर्षी त्याच जागी, किंवा तिच्या शेजारी, तडा पुन्हा दिसू लागतो. असे वर्षानुवर्षे घडत असेल, तर त्याचे कारण भिंतीत नसून भिंतीखालच्या जमिनीत आहे, असे समजावे. ही जमीन स्थिर नसते. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरील घर तिच्याबरोबर हलते. अशा घराची दुरुस्ती विटांपासून नव्हे, पाण्यापासून आरंभावी लागते. ही गोष्ट ध्यानात न आल्यामुळे अनेक कुटुंबांचा पैसा गिलाव्यात व्यर्थ जातो. कित्येकदा सुधारता येण्याजोगे घर पाडले जाते, तर कित्येकदा खरोखर धोक्याची भिंत रंगाखाली झाकली जाते.

रायपूरची जमीन

ब्राह्मणपारा ही रायपूर शहराच्या जुन्या भागातील वस्ती होय. ‘पारा’ म्हणजे मोहल्ला. कंकाली तलाव तिच्या लगतच आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १७४१ मध्ये छत्तीसगढात पोहोचला व १८५४ पर्यंत टिकला. रायपूरच्या जुन्या मोहल्ल्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. विदर्भातील काळी कापसाची जमीन ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांस रायपूरच्या आसमंतातील काळी माती परकी वाटणार नाही. मात्र दोहींचे मूळ एक नव्हे. विदर्भात काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, झिजेतून ही माती झाली. रायपूरच्या मैदानाखाली प्रामुख्याने चुनखडीचा दगड व शेल आहे.

छत्तीसगढचा शेतकरी आपल्या जमिनीची चार नावे सांगतो. उंचवट्यावरील तांबूस, मुरमाड व नापीक ती भाटा. पिवळसर व हलकी ती मटासी. मध्यम प्रतीची ती डोरसा. आणि सखल भागातील काळी, चिकण व भारी ती कन्हार. शेतीच्या दृष्टीने कन्हार मोलाची, कारण ती ओल धरून ठेवते. घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हाच गुण अवगुण ठरतो. उन्हाळ्यात कन्हार जमिनीला पडणाऱ्या भेगा शेतात सर्वांना दिसतात. घराखालील जमिनीची तीच हालचाल डोळ्यांना दिसत नाही, तडा गेल्यावरच ती कळते.

माती का फुगते

मातीचे कण म्हणजे बारीक वाळूच, अशी सामान्य समजूत आहे. ती बरोबर नाही. चिकणमातीतील कण चपट्या पापुद्र्यांसारखे असतात. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज विपुल असते. फ्रान्समधील माँमोरियाँ या गावावरून त्यास हे नाव मिळाले. त्याचा एकेक पापुद्रा सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतका, जाड असतो. हे पापुद्रे वहीच्या पानांप्रमाणे एकावर एक रचलेले असून त्यांतील बंध दुर्बल असतात. पाणी या पानांच्या मधे शिरते व ती एकमेकांपासून दूर सारते. या खनिजाच्या एका ग्रॅममधील सर्व पापुद्र्यांचे पृष्ठ मोजल्यास ते सातशे ते आठशे चौरस मीटर भरते. एवढ्या विस्तृत पृष्ठावर पाणी चिकटत असल्यामुळे चिमूटभर माती पुष्कळ पाणी पिते. ऊन पडू लागले की पाणी निघून जाते, पाने पुन्हा जवळ येतात आणि जमीन भेगाळते.

फुगणाऱ्या मातीचा जोर अल्प नसतो. एकमजली घराचा भार पायाखालील जमिनीवर सामान्यतः दर चौरस मीटरला थोडे टन इतकाच असतो, तर काळ्या मातीच्या काही नमुन्यांत फुगण्याचा दाब दर चौरस मीटरला वीस टनांहून अधिक आढळला आहे. यावरून एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट उलगडते. अशा जमिनीवर जड इमारतीपेक्षा हलक्या घरासच अधिक उपद्रव होतो, कारण हलके घर मातीला दाबून धरू शकत नाही.

घर का मोडते

सारे घर सारखेच वर उचलले गेले व सारखेच खाली बसले, तर भिंतीस काही होणार नाही. अपाय होतो तो असमान हालचालीमुळे. घराच्या मध्यभागाखालील माती छपराखाली झाकलेली असल्याने तिची ओल फारशी बदलत नाही. कडेची माती मात्र पावसाने भिजते व उन्हाने वाळते. उन्हाळ्यात कडा खचतात व घर मध्यावर उचललेल्या कमानीसारखे होते. तेव्हा भिंतीतील तडे वर रुंद व खाली बारीक असतात. पावसाळ्यात कडा फुगून वर येतात व मध्य खोल राहतो. तेव्हा तडे खाली रुंद व वर बारीक असतात. दारे-खिडक्यांचे कोपरे हे भिंतीचे दुबळे भाग असल्याने तिरके तडे तेथूनच निघतात.

ऋतूंच्या जोडीला मनुष्यकृत कारणेही असतात. मोरीचे झिरपणारे पाणी, फुटका नळ, पायालगत खणलेला शोषखड्डा, जोत्यापाशी पडणारी छपराची पन्हाळ, यांमुळे एकच कोपरा बारमाही भिजतो व उचलला जातो. याउलट भिंतीजवळचे मोठे झाड मुळांवाटे ओल शोषून एक बाजू खचवते. ते झाड एकाएकी तोडले, तर वाळलेली माती पुन्हा पाणी पिऊन फुगते व भिंत नव्याने तडकते. ब्राह्मणपाऱ्यासारख्या दाट व जुन्या वस्तीत आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. जेथे घराला घर लागून असते, तेथे एका घरची गळती मोरी दुसऱ्या घरचा पाया भिजवू शकते. म्हणून अशा ठिकाणी दुरुस्ती हा बहुधा शेजाऱ्यांनी मिळून विचार करण्याचा विषय असतो.

तड्याची परीक्षा

उपचारापूर्वी निदान हवे. तड्याच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी. तड्यावर आडवी, पातळ काचेची पट्टी दोन्ही बाजूंस सिमेंटने पक्की करावी. भिंत हलली की काच तडकते. दर महिन्यास तड्याची रुंदी मोजून वहीत नोंदवावी व ही नोंद पूर्ण वर्षभर, म्हणजे एक पावसाळा व एक उन्हाळा पार होईपर्यंत, ठेवावी. रुंदी ऋतूबरोबर कमीजास्त होत असेल तर दोष फुगणाऱ्या मातीचा आहे. ती एकाच दिशेने वाढत असेल तर पाया खचत आहे किंवा कोठे सतत पाणी मुरत आहे. ती मुळीच बदलत नसेल तर हालचाल थांबली आहे व तडा निर्धास्तपणे बुजवता येईल. पावसाळ्यात दार अडकते एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. लाकूडही दमट हवेत फुगते. चौकटीस ओळंबा लावून पाहावा.

भिंत ओळंब्याबाहेर गेली असेल, तुळईचे टोक भिंतीतून सुटू लागले असेल किंवा तडा दिवसागणिक वाढत असेल, तर वर्षभर थांबू नये. छताला टेकू द्यावेत, त्या खोलीत वावर बंद करावा व स्थापत्य अभियंत्यास पाचारण करावे.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम पाणी. गळके नळ व मोऱ्या दुरुस्त कराव्यात. पन्हाळीचे पाणी घरापासून दूर न्यावे. शोषखड्डा पायापासून हलवावा. घराभोवती शक्य तेथे दीड ते दोन मीटर रुंदीचा, बाहेरच्या बाजूस उतार असलेला, पाणी न झिरपणारा पट्टा बांधावा. हा पट्टा पावसास आत येऊ देत नाही व ऊनही मातीपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणजे कडेच्या मातीची ओल वर्षभर स्थिर राहू लागते.

त्यानंतर भिंत. मे महिन्यात तडा सर्वांत रुंद दिसतो, तेव्हाच तो घट्ट सिमेंटने भरण्याचा मोह होतो. पावसाळ्यात माती फुगली की तडा मिटू पाहतो. पण आत कठीण पाचर बसलेली असल्यामुळे तो मिटू शकत नाही आणि शेजारची भिंत फुटते. म्हणून पाण्याची व्यवस्था लागल्यावर, पावसाळा संपून माती मध्यम ओलीवर असताना काम करावे. तड्याच्या दोन्ही बाजूंचा गिलावा काढावा, सांधे खरवडून स्वच्छ करावेत, पाणी मारावे आणि एक भाग सिमेंट, एक भाग चुना व सहा भाग वाळू अशा मिश्रणाने सांधे भरावेत. निव्वळ सिमेंटपेक्षा चुन्याचे मिश्रण थोडे मऊ असते. ते अल्प हालचाल सोसते, आणि त्यातील चुना पाण्यात विरघळून पुन्हा साकळल्याने केसासारख्या भेगा काही अंशी आपोआप भरून येतात. विटाच फुटल्या असतील तर त्या बदलून आडव्या सांध्यांत पोलादी सळ्या बसवाव्यात. पाया खोल करावा लागलाच, तर भिंतीखाली सलग चर कधीही खणू नये. एकेक मीटरचे तुकडे आळीपाळीने, अभियंत्याच्या देखरेखीखाली करावेत.

नवे घर बांधताना

रुडकी येथे १९४७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी बुडाशी फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खांबांची पद्धत विकसित केली. जमिनीत गोल भोक पाडून बुडाशी ते खांबाच्या सुमारे अडीचपट रुंद करतात व त्यात सळ्या घालून काँक्रीट ओततात. फुगवट्याचे बूड, जेथे ऋतूंचा परिणाम पोहोचत नाही अशा थरात, सामान्यतः किमान साडेतीन मीटर खोलीवर असते. त्यामुळे वरची माती फुगली तरी खांब नांगरासारखा रुतून राहतो. या खांबांवरील तुळई जमिनीपासून सुमारे आठ सेंटिमीटर वर ठेवतात, म्हणजे फुगणारी माती तिला उचलू शकत नाही.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. आर. के. कट्टी यांनी दुसरा मार्ग दाखविला. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, परंतु चिकटपणा असलेल्या मातीचा जाड थर दाबून बसविल्यास खालच्या मातीची फुगवण बरीच आवरली जाते. नुसती वाळू येथे उपयोगी नाही, कारण ती पाणी साठवून खालच्या मातीला पाजत राहते.

एक सोपी परीक्षा

आपल्या गावची माती फुगणारी आहे काय, हे शाळेतही पाहता येते. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळावी. तिचे दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग घेऊन एक शुद्ध पाण्याच्या व दुसरा रॉकेलच्या शंभर मिलिलिटरच्या मापनळीत टाकावा. रॉकेलजवळ ज्योत नसावी. ढवळून चोवीस तास ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमधील मातीचे आकारमान दहा व पाण्यातील अठरा मिलिलिटर भरले, तर फुगवण ऐंशी टक्के झाली. हा आकडा पन्नासहून कमी असल्यास धोका थोडा, शंभरावर गेल्यास मोठा समजतात.

ही परीक्षा एका दिवसाची आहे व तिला खर्च नगण्य येतो. घराचा पाया खणण्यापूर्वी ती केली, तर पुढे आयुष्यभर तडे बुजवीत बसण्याची वेळ येत नाही.